मारकुंडी घाटी, दोन मोटारसायकली आणि महिनाभराचा उशीर

आधी एक कामाची गोष्ट सांगून टाकते. मोटारसायकलवर मागे बसून लांब जायचं असेल तर अंबाडा घालू नका. हेल्मेट बसत नाही. मी आणि कुसुम, दोघी पहाटे साडेपाचला छान तेल लावून, घट्ट अंबाडे घालून बनारसच्या दुर्गाघाटाच्या गलीत येऊन उभ्या राहिलो, तर हेल्मेट डोक्यावर असं डुलायला लागलं की घागरीवर ठेवलेली वाटी बरी. मग माझ्या नातीने, रेवाने, तिथेच दूधवाल्यासमोर दोघींचे अंबाडे सोडले आणि शाळकरी पोरींसारख्या वेण्या घातल्या. दूधवाला म्हणतो, "का माताजी, इस्कूल में नाम लिखावे जात हऊ?"

मी म्हटलं, "हाँ भैया, पाँचवी में. चौथी पास हूँ."

ते खोटं नाही. मी चौथीपर्यंतच शिकले. म्हणून मी हे वहीत लिहिते आणि रेवा ब्लॉगवर चढवते. ऱ्हस्वदीर्घ ती बघते, बोलणं माझंच ठेवते. तिची एकच ताकीद आहे, की आजी, रस्ता लिही, खाणं लिही, खर्च लिही, वाचणारे तेच शोधत असतात. लिहिते. पण मधेमधे मी भरकटणार, ते तिने सोसायचं.

तर ही सहल ठरली कशी. कुसुम म्हणजे माझी समोरची. आमची गली इतकी अरुंद की तिच्या खिडकीतून माझ्या खिडकीत वाटी देता येते, आणि चाळीस वर्षं आम्ही ती देत आलोय. वाटी कधी रिकामी परत गेली नाही. तिचे यजमान बँकेत होते, ते गेले. मुलगा पुण्याला. तो म्हणाला, आई, आता एकटी राहू नकोस. होळीनंतरच्या सप्तमीचं पुण्याचं तिकीट काढलं त्याने, एकेरी. कुसुमने रडारड केली नाही, फक्त म्हणाली, "जाते, पण त्याआधी माझ्या गंगाजलला भेटायचंय."

आता गंगाजल म्हणजे काय ते सांगावं लागेल.

कुसुमचे वडील रेल्वेत कारकून, चोपनला. शोण नदीच्या काठी, डोंगराखाली. तेव्हा नवी लाइन टाकलेली आणि आजूबाजूला नुसतं जंगल. तिथल्या क्वार्टरवर एक बाई पत्रावळी आणि सरपण विकायला यायची, तिच्याबरोबर तिची मुलगी. ती आणि कुसुम एका वयाच्या. त्या बाईचं माहेर पलीकडे सरगुजाकडचं. त्यांच्यात एक रीत असते, दोन मुलींनी एकमेकींना गंगेचं पाणी पाजायचं आणि मैत्री बांधून घ्यायची. मग ती बहिणीहून वरची. आणि एकदा बांधली की नाव घ्यायचं नाही, जन्मभर "गंगाजल" म्हणूनच हाक मारायची. कुसुमच्या वडिलांनी बनारसहून लोट्यातून पाणी नेलं होतं, दोघींनी पानाच्या द्रोणातून प्यायलं, नऊ-दहा वर्षांच्या असतील. मग कुसुमचं लग्न झालं. एकदा ती भेटून आली, तेव्हाही बनारसचं पाणी घेऊन गेली होती. पुढे वडिलांची बदली, तिचा संसार, आणि चाळीसहून जास्त वर्षं गेली.

आमच्या गलीच्या तोंडाशी पूजेच्या सामानाचं दुकान आहे. तिथे डोंगराकडून एक माणूस पत्रावळी आणि द्रोण घालायला येतो. कुसुमला खोड, त्या बाजूचा कोणी दिसला की विचारायचं. मागच्या थंडीत त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "गंगाजल वाली बुढ़िया? ऊ त हमरे गाँव क हईं!" तिच्या गावात फोन लागत नाही. गावाचं नाव विचारायचं आनंदाच्या भरात राहिलंच. कुसुमने त्याच्याच तोंडी निरोप पाठवला आणि पुढच्या खेपेला उलटा निरोप आला. मारकुंडी घाटीच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे, तिथे गावाची पूजा असते, मी येते, तूही ये. दिवस होता फागुन बदी पंचमी. त्यानंतर लगनसराई लागली आणि तो माणूस काही फिरकला नाही.

कुसुमने खिडकीतून मला ओरडून सांगितलं, "अगं, फाल्गुन वद्य पंचमी!"

मी स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर बघितलं, नणंद दर वर्षी नागपूरहून पाठवते. म्हटलं, "अगं, ही तर रंगपंचमी! तुझ्या तिकिटाच्या दोन दिवस आधी! देवच पावला."

दोघींनी खिडकीतून हात जोडले. आमच्या ह्यांना काही विचारलं नाही. हे घाटावर पुरोहित आहेत, त्यांना मोटारसायकल म्हटलं की ते आयुर्विमा म्हणतात. त्यांना इतकंच सांगितलं, रेवाबरोबर धबधबा बघायला जातोय. धबधब्याला मार्चात पाणी नसतं, पण ते त्यांना कुठे माहीत.

मोटारसायकल का, तर कुसुमला मोटार लागते. नदीपलीकडच्या पड़ावपर्यंत गेली तरी उलटी. बस तर नकोच. उघड्या हवेत मात्र काही होत नाही. रेवाकडे तिची बुलेट आहे, स्वतःच्या पगारातून घेतलेली, आणि तिच्या बँकेतली मैत्रीण शालू, अस्सल बनारसी, तिच्याकडेही गाडी आहे. दोघी दर महिन्याला कुठेतरी भटकतात. रेवा म्हणाली, "तुम्ही दोघी मैत्रिणी, आम्ही दोघी मैत्रिणी, झाली की टोळी." मी रेवामागे, कुसुम शालूमागे. साडीखाली मी ह्यांचा जुना लेंगा चढवला. हेही कामाचं आहे, लिहून ठेवा, गुडघ्याला वारा लागत नाही.

निघताना रंगपंचमी म्हणून मी दोन्ही गाड्यांना गुलाल लावला, पोरींना लावला, कुसुमला लावला. राजघाटाच्या पुलावर आलो तेव्हा सूर्य पाण्यातून वर येत होता. मी तो रोज बघते, पण इतक्या वेगात कधी नाही. पुलाच्या लोखंडातून तो आमच्याबरोबर उड्या मारत चालला होता. कुसुम शालूच्या खांद्यावरून ओरडली, "मालती, आपला घाट बघ, केवढासा दिसतो!" मग मागे वळून बघत राहिली. सप्तमीला रेल्वे याच पुलावरून जात नाही, दुसऱ्या दिशेने जाते, पण माणसाला आठवायचं ते आठवतंच.

रस्ता असा. पड़ाव, रामनगर, तिथून नारायणपूर, अहरौरा, सुकृत, रॉबर्ट्सगंज आणि पुढे मारकुंडी. जायचं शंभरेक किलोमीटर. रस्ता रुंद आणि चांगला आहे, टोलनाक्यावर मोटारसायकलीला पैसे पडत नाहीत. पण खडीचे ट्रक फार. म्हणून उजाडताच निघा, दहानंतर तोंडात धूळ आणि कानात भोंगा. दोन्ही गाड्यांचं पेट्रोल येऊन-जाऊन दीड हजाराच्या आतबाहेर झालं.

नारायणपूरच्या अलीकडे पेट्रोल भरलं तिथला माणूस आमच्या गुलालाकडे बघून हसला. "माताजी, होली त कब क बीत गइल, अब ई रंग?"

मी म्हटलं, "हमारी आज है, भैया."

"आप लोगन क सब अलगे हौ."

"हाँ, अलगे हौ," मीही हसले. त्या माणसाने शहाणपणाचं बोलून ठेवलं होतं. मला ते चार तासांनी कळलं.

अहरौऱ्यात नाश्ता. कचौड्या आणि जिलबी, पळसाच्या पानावर. चौघींचं दीडशे रुपयांत भरपेट. कचौडीबरोबर हिरव्या चण्याची सब्जी देतात, ती मागून घ्या, आपण होऊन देत नाहीत. मी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी नेली होती, ती शालूने एकटीने संपवली. म्हणते, "दादी, ई चटनी क फैक्टरी लगाइए, हम नौकरी छोड़ देब."

अहरौऱ्याच्या पुढे पहिली घाटी लागते. रस्ता वर चढतो आणि दोन्ही बाजूंना पळस. अहो, काय सांगू! पान एक नाही, नुसती केशरी फुलं, डोंगरावर कुणी निखारे उधळल्यासारखी. मी बनारसमध्ये जन्मले आणि बनारसमध्येच म्हातारी झाले. सासर-माहेर यांत तीन गल्ल्यांचं अंतर. दर होळीला टेसूची, म्हणजे याच पळसाची, फुलं बाजारातून आणून रंग केला, पण ती झाडावर कशी दिसतात हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. मला एवढा आनंद झाला की मी रेवाच्या पाठीवर बुक्क्या मारायला लागले. ती म्हणाली, "आजी, गाडी थांबवू का?" म्हटलं, "थांबवू नकोस गं, पळव!"

वळणांवर मात्र माझी चूक व्हायची. गाडी डावीकडे झुकली की मी भीतीने उजवीकडे ओढ घ्यायची. दोन वळणं झाल्यावर रेवाने गाडी बाजूला घेतली. "आजी, तू नावेत कशी बसतेस?"

"कशी म्हणजे? गप्प."

"नाव कलली तर उठून दुसरीकडे पळतेस का?"

"वेडी आहेस? बुडवायचीय का सगळ्यांना?"

"मग इथेही तसंच बस."

त्यानंतर मी नावेतल्यासारखी बसले आणि वळणं अशी गेली की लोणी. ज्या कोणाच्या आज्या मागे बसणार असतील त्यांना हे सांगा. पन्नास पुस्तकी सूचनांपेक्षा हे लवकर कळतं.

वर पठार आहे, गव्हाची शेतं, खडीच्या खाणी, पांढरी धूळ. रॉबर्ट्सगंजला बाटी-चोखा मिळतो, पण कुसुम थांबायला तयार नाही. "येताना खा, येताना खा." तिने पदराखाली तांब्याचा छोटा गडू धरला होता, आमच्या पंचगंगा घाटावरचं गंगेचं पाणी भरून, तोंड लाखेने बंद केलेलं. यात्रेकरू नेतात तसाच. शंभर किलोमीटर तिने तो एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने शालूला. त्यामुळे शालूच्या कमरेवर दुसऱ्या दिवशी निळे वळ होते, असं ऐकलं.

साडेदहाला मारकुंडीच्या माथ्यावर पोचलो. तिथून रस्ता खाली उतरतो आणि समोर एकदम जमीन संपते. खाली शोण नदी, वाळूत पसरलेली, पलीकडे एकामागे एक निळे डोंगर. तिथे कठड्याशी उभं राहून लोक फोटो काढतात, बसायला जागा आहे, माकडं आहेत, हातात केळं धरू नका. कुसुम बोट दाखवून म्हणाली, "ते चोपन. ती पुलाची रेघ दिसते का? तिथे आमचं क्वार्टर." आणि लगेच, "चल, देवी कुठे?"

देवीचं ठाणं रस्त्यापासून थोडं आत, एका वडाखाली. शेंदूर फासलेले दगड, लाल कापडं, मातीचे घोडे. आणि माणूस एक नाही. पूजा नाही, ढोल नाही, गाव नाही. एक कुत्रं झोपलेलं होतं.

शेजारी एक बाई चहाची टपरी चालवते. रेवाने विचारलं, "भौजी, आज यहाँ पूजा है न? फागुन बदी पंचमी की?"

ती बाई पातेलं ढवळत होती. थांबली. "फागुन बदी? बिटिया, फागुन त होली के दिन खतम हो गइल. अब त चैत चलत हौ. फागुन बदी पंचमी पिछला महीना निकल गइल."

मी डोक्याला हात लावला, म्हणजे हेल्मेटला. अहो, हे मला माहीत नाही का! इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. वद्य पक्षात ते आपल्यापुढे एक महिना असतात. त्यांची फागुन बदी म्हणजे आपलं माघ वद्य. हे आमच्या घरातलं पोरसुद्धा सांगेल. आमचे हे घाटावर संकल्प सांगताना दिवसातून दहा वेळा महिना बदलतात, मराठी यजमान आला की एक, हिंदी यजमान आला की दुसरा. आणि त्यांच्या बायकोने काय केलं, तर कुसुमने मराठीत सांगितलं म्हणून मराठी कॅलेंडर काढलं. कुसुमने शब्द मराठीत आणले, महिना आणायचा राहिला, आणि मी तो तसाच भिंतीवर शोधला. इतकी वर्षं दोन पंचांगांत राहून ही चूक आम्हीच करू जाणे.

मग चहावाली म्हणाली, "एक बुढ़िया आइल रहल ओह दिन. सबेरे से बैठल रहल, एही चबूतरा पर. सब लोग पूजा कर के उतर गइलन, ऊ नाहीं गइल. जवन गाड़ी रुके, उठ के देखे. साँझ के बोलल, बड़े लोग हईं, भुला गइल होइहें."

कुसुम तिथेच, त्याच ओट्यावर बसली. गडू मांडीवर. मला वाटलं रडेल, पण ती नुसती गडूवरची धूळ पदराने पुसत राहिली. पुसून झाली तरी पुसत राहिली. "मालती, ती म्हणेल, नाव घ्यायचं नाही एवढंच हिने पाळलं."

परवा तिची गाडी. उद्या सामान बांधायचं. म्हणजे आज नाही तर संपलं.

रेवाने विचारलं, "भौजी, ऊ कौन गाँव क रहलीं?"

"चेहरा से ना चिन्हलीं, नाम बताओ त बतावें."

सगळ्यांनी कुसुमकडे बघितलं. आणि ही बाई मान हलवते! "नाव मी घेणार नाही."

"अगं, पण शोधायचं कसं?"

"नाव घ्यायचं नसतं. तू ह्यांचं घेतेस का?"

"मी उखाण्यात घेते!"

"मग मला उखाणा येत नाही."

शेवटी ती उठली, बुलेटच्या टाकीवर खडीची जाड धूळ बसली होती, तिच्यावर बोटाने लिहिलं, सुगनी. आणि लिहून झाल्यावर लगेच तोंड फिरवलं. चहावालीने वाचलं नाही, तिला वाचता येत नव्हतं, रेवाने वाचून दाखवलं. "अरे, सुगनी काकी! ऊ त नीचे हईं, दस-बारह किलोमीटर. बाकिर रस्ता नाहीं हौ, चार चक्का नाहीं जाई."

शालू हेल्मेट घालत म्हणाली, "दादी, चार चक्का लाया कौन है?"

मला तिचा मुका घ्यावासा वाटला, पण हेल्मेट होतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तुम्ही सगळे जाल, आणि ती म्हातारी मला शिव्या देईल. घाटी अर्धी उतरली की एक कच्ची वाट फुटते. आधी जंगल, मग दगड, मग पुन्हा जंगल. दगडांवरून जाताना माझे सगळे दात एकमेकांना भेटले. वाटेत एक सुकलेला नाला, त्यात वाळू. बुलेटचं मागचं चाक वाळूत रुतलं. रेवा म्हणाली, "आजी, उतर आणि बाजूला उभी राहा." मी उभी राहते होय? मी आणि कुसुम, दोघींनी पदर खोचले, वेण्या मागे टाकल्या आणि मागून ढकललं. गाडी एकदम सुटली, मी पालथी. लेंग्यात, लुगड्यात, कानात वाळू. कुसुम इतकी हसली, इतकी हसली, की तिला वाळूतच बसावं लागलं. सकाळपासून ती पहिल्यांदा हसली म्हणून मी पडून राहिले अजून थोडी.

गाव म्हणजे आठ-दहा घरं, मातीची, सारवलेली. अंगणा-अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, पिवळसर, द्राक्षासारखी, आणि सगळ्या हवेत त्यांचा गोड वास. पहाटे झाडाखालून वेचतात, दिवसभर वाळवतात. शेवटच्या अंगणात एक बारीकशी म्हातारी लांब काठी घेऊन बसली होती, बकऱ्या हाकायला. गाड्यांच्या आवाजाने बकऱ्या पळाल्या, ती हलली नाही.

कुसुम शालूमागून उतरली, हेल्मेट काढायचं राहिलं. तसंच जाऊन पुढे उभी राहिली. "गंगाजल."

म्हातारीने बघितलं. हेल्मेट, वेणी, गुलाल, वाळू.

"हमार गंगाजल त फागुन में आवे वाली रहल. ई चैत में के आइल?"

मग मीच पुढे झाले, चूक माझ्या भिंतीवरची होती. म्हटलं, "दीदी, हमारे यहाँ अभी फागुन ही चल रहा है. हम मराठी लोग हैं. हमारा महीना बाद में खतम होता है. हमने हमारा पंचांग देखा. ये भूली नहीं है, हम दोनों गधी हैं."

ती ऐकत राहिली. मग वर आकाशाकडे बघून म्हणाली, "चंदा त एके गो हौ न?"

पुरोहिताची बायको मी, पन्नास वर्षं पंचांगाच्या घरात. मीही मान वर करून बघितलं. आणि ती हसायला लागली, दोन दात, पण असं हसली की मागे घरातून सून धावत आली. हसता हसता हातातली काठी कुसुमपुढे केली. "बैठ. बकरी हाँक. तोहके त पहिलहूँ हाँके ना आवत रहल."

कुसुम बसली. हेल्मेटसकट. आणि खरंच, बकऱ्या येऊन मोह खाऊन गेल्या तरी तिला कळलं नाही, दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या.

गडू दिला तेव्हा सुगनीने तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला. म्हणाली, मागे तू आणलेलं पाणी मी बरीच वर्षं जपलं. माझा माणूस गेला तेव्हा त्याच्या तोंडात तेच घातलं. त्याने डोळे उघडून विचारलं, कुठलं? मी सांगितलं, गंगाजलने दिलेलं. मग गेला.

मग तीच म्हणाली, "ई हमरे खातिर रही. बाकिर अबहीं जल्दी ना हौ, ऊपर छींका में धर द." सुनेने गडू शिंक्यात ठेवला.

जेवायला भात, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, आणि मागच्या वर्षीचा मोह भाजून, तीळ घालून कुटलेले लाडू. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी मला पंचगंगेत सात वेळा बुडवून काढलं असतं. मी तीन लाडू खाल्ले. पैसे विचारायची सोय नव्हती. रेवाने डब्यातला खाऊ दिला, आणि मी माझा लसणाच्या चटणीचा रिकामा डबा दिला, ते मला घरी आल्यावर आठवून लाज वाटली.

तीनला निघालो, कारण घाटी उजेडात चढायची होती. सुगनी वाटेपर्यंत आली. कुसुमने सांगितलं, पुण्याला चालले, लांब आहे. तिला पुणं माहीत नव्हतं. तिने विचारलं, "उहाँ से फागुन बदी केतना दूर हौ?" कुसुम म्हणाली, "पता नाहीं." सुगनीने माझ्याकडे वळून माझा दंड धरला, चांगलाच घट्ट. "तू ले अइहे. सही महीना देख के."

येताना रॉबर्ट्सगंजला बाटी-चोखा खाल्ला, साठ रुपये ताट, तूप वेगळं. संध्याकाळचा पळस सकाळपेक्षा गडद दिसतो. धूळ भरपूर. तोंडाला ओढणी बांधा. आठच्या आत राजघाट.

आमचे हे दिवाणखान्यात पंचांग घेऊनच बसले होते. माझ्या कानातली वाळू बघून म्हणाले, "धबधब्यात पाणी होतं वाटतं भरपूर." मग मी सगळं सांगितलं. रागावतील वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "दिवसभर मी जगाचे महिने जुळवून देतो. घरातला एक राहिला." नंतर रात्री जेवताना मधेच एकटे हसत होते.

सप्तमीला कुसुम गेली. समोरच्या खिडकीला कुलूप नाही, खिडकीला कुठे कुलूप असतं, पण ती बंद आहे. मोहाची एक पुरचुंडी सुगनीने दिली होती, ती माझ्या फडताळात आहे. दार उघडलं की वास येतो. मला मधेमधे वाटतं, आम्ही बरोबर महिन्यात गेलो असतो तर काय झालं असतं? देवीच्या गर्दीत त्या दोघी तासभर भेटल्या असत्या आणि आपापल्या रस्त्याने गेल्या असत्या. तो नाला नाही, अंगण नाही, लाडू नाहीत. पण त्या म्हातारीचा तो पूर्ण दिवस ओट्यावर गेला, तो मी परत देऊ शकत नाही. म्हणून ही चूक मी चांगली म्हणणार नाही. झाली एवढंच.

गेल्या आठवड्यात पुण्याहून कुसुमने नवं मराठी कॅलेंडर पाठवलं, नणंदेच्या आधी. उघडून बघते तर लाल शाईने दोन गोल. एक माघ वद्य पंचमीला, एक फाल्गुन वद्य पंचमीला. मी लगेच फोन लावला. म्हटलं, "अगं बाई, अजून कळलं नाही का? पहिली खरी. दुसरी आपली चुकीची."

"कळलंय," कुसुम म्हणाली. "मुलाला तिकिटं सांगून ठेवलीत. पहिलीच्या आदल्या दिवशी येणार, दुसरीच्या दुसऱ्या दिवशी परत जाणार. मधला महिना तुझ्याकडे. आणि हे बघ, माझी वाटी तुझ्याकडे राहिलीय. रिकामी देऊ नकोस."